सेलातला उरलेला दम

बीड जिल्ह्यातल्या खेड्यात म्हाताऱ्यानं ‘बॅटरी आण रे’ म्हटलं, की पोरगं खुंटीवरचा टॉर्च काढून आणतं. बॅटरी म्हणजे टॉर्च. तिच्यात घालायचे ते सेल, आणि सेल फोडल्यावर आत निघतो तो काळा मसाला. ट्रॅक्टरची असते ती ‘मोठी बॅटरी’. पाठ्यपुस्तकातल्या ‘विद्युतघटा’ला गावात कधी थारा मिळाला नाही. मात्र ‘सेल’ या शब्दाला गेल्या काही वर्षांत एक नवा अर्थ चिकटला आहे. जुन्या लॅपटॉपच्या पोटातून काढलेला, निळ्या नाहीतर गुलाबी आवरणाचा, बोटाएवढा लिथियमचा सेल. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, म्हणून नाव १८६५०. असे सेल नगावर विकत घ्यायचे, जुळवायचे आणि घरच्या सोलर पॅनेलला जोडायचे, हा उद्योग आता चांगलाच रुळला आहे. वस्तू नवी असली तरी त्यामागची सवय जुनी आहे. दुसऱ्यानं वापरून टाकलेल्यात किती दम उरला आहे हे ओळखण्याची ती सवय.

ही सवय टॉर्चच्या सेलांपासून लागली. उजेड पिवळा पडू लागला की सेल काढून पत्र्यावर किंवा ओट्यावर उन्हात ठेवायचे. संध्याकाळी बॅटरी पुन्हा थोडा वेळ पेटायची. यात भाबडेपणा नव्हता. ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया वेग धरते आणि सेलाचा अंतर्गत रोध कमी होतो, त्यामुळे तळाशी उरलेलं थोडंफार हाती लागतं. मग सेल खरोखरच मेला की पोरं तो दगडानं फोडून मधली कार्बनची कांडी काढत आणि तिनं भिंतींवर रेघोट्या मारत.

विजेशी या जिल्ह्याचं नातं मात्र विचित्र आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं आणि खेड्यांतली रात्र कंदील-चिमणीवर निघायची. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ आलं. १९७१ मध्ये परळीच्या औष्णिक केंद्राचा ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. पुढे १९८०च्या दशकात २१० मेगावॅटचे संच उभे राहिले, आणि वैजनाथाची परळी ही धुराड्यांची परळीही झाली. राज्याला वीज देणारा जिल्हा म्हणून बीडचं नाव पुस्तकात आलं. धुराडी दिसतील एवढ्या अंतरावरच्या वस्त्यांतही संध्याकाळी दिवा गेला की कंदिलाची काच पुसायला घ्यावी लागे, ती गोष्ट पुस्तकात आली नाही.

मोठ्या बॅटरीला घरात मान मिळाला तो दूरदर्शनमुळे. जानेवारी १९८७ ते जुलै १९८८, दर रविवारी सकाळी ‘रामायण’ लागे. विजेचा भरवसा नसलेल्या देशभरातल्या गावांत ट्रॅक्टरची नाहीतर मोटारीची बॅटरी उतरवून तिच्यावर ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही चालवला जाई. बारा व्होल्टवर चालणारे लहान टीव्ही त्यासाठीच खपत. आपलं पहिलं काम संपवलेली बॅटरी घरात नवं काम करते, हे लोकांनी तेव्हाच पाहिलं.

२००५ नंतर भारनियमनाचा काळ आला. राज्यात विजेची तूट वाढली आणि ग्रामीण फीडरवर दिवसातले दहा-बारा तास वीज गायब होऊ लागली. शहरात इन्व्हर्टर नव्या बॅटरीसह घरी आले. गावात इन्व्हर्टर यायचा, पण त्याखालची बॅटरी पुष्कळदा ट्रकमधून उतरलेली असायची. ट्रक सुरू करण्याएवढा झटका ती देऊ शकत नसली, तरी दोन ट्यूब आणि एक पंखा ओढायची. तालुक्याच्या ठिकाणचा बॅटरीवाला तिची झाकणं उघडून हायड्रोमीटरनं पाणी ओढून बघे. काटा १२५०च्या वर असेल तर बॅटरी ठीक, बॅटरीतल्या एका घराचा, म्हणजे खणाचा, आकडा बाकीच्यांहून फार खाली असेल तर ‘प्लेटा गेल्या’. आणि काहीच जमलं नाही तरी सौदा पूर्ण बुडीत नसे, कारण आत शिसं असतं आणि शिशाला भंगारात किलोवर भाव मिळतो.

२०१३च्या फेब्रुवारीत दुष्काळानं परळीचं केंद्र बंद पडलं. कोळसा होता, बॉयलरला पाणी नव्हतं. २०१५च्या जुलैत पुन्हा तेच झालं. त्या वेळची क्षमता ११३० मेगावॅट होती आणि एकही संच फिरत नव्हता. गोदावरीवरच्या धरणांत पाणी नसेल तर मराठवाड्यात उसाबरोबर वीजही वाळते, हे तेव्हा ढळढळीत दिसलं. योगायोग असा, की त्याच वर्षी ३० एप्रिलला अमेरिकेत टेस्ला कंपनीनं घराच्या भिंतीवर टांगायची लिथियम बॅटरी जाहीर केली. तिची किंमत इथल्या कुणाला परवडणारी नव्हती. पण आत लहान लहान सेलच आहेत, ही बातमी जगभरच्या खटपट्या लोकांपर्यंत पोचली, आणि तसले सेल भंगारात ढिगानं पडलेले होते.

ते तिथे कसे आले? लिथियम-आयन सेल पहिल्यांदा बाजारात आणला सोनीनं, १९९१ मध्ये. पुढे लॅपटॉपनं तो जगभर पसरवला. लॅपटॉपच्या बॅटरीत बहुधा सहा सेल असतात, दोन-दोनच्या तीन जोड्या. एक जोडी दगावली की आतलं सर्किट सगळी बॅटरीच बंद करतं. मालक ती फेकतो, पण उरलेल्या चार सेलांत जीव असतो. बंगळुरूच्या आयबीएम संशोधकांनी २०१४ मध्ये टाकाऊ लॅपटॉप बॅटऱ्या तपासल्या. त्यातल्या निदान ७० टक्के बॅटऱ्या एक एलईडी दिवा रोज चार तासांहून जास्त, वर्षभर चालवू शकतील असं त्यांना आढळलं. दिल्लीच्या सीलमपूरच्या भंगार बाजाराला हे सांगायला संशोधन लागलं नसतं, पण आकडा कागदावर आला हे बरं झालं.

आता घरच्या घरी बॅटरी बांधणाऱ्याचं गणित पाहू. मूळचा २६०० मिलिअँपिअर-तासाचा सेल वापरून २००० वर आलेला असतो. त्याच्यात साधारण सात वॉट-तास मावतात. असे १४० सेल, वीस-वीसच्या सात गटांत जोडले की एक युनिट वीज साठते. इन्व्हर्टरच्या दीडशे अँपिअर-तासाच्या बॅटरीतून तिचा जीव न घेता निघतं तेही जवळपास तेवढंच. फरक वजनात. लिथियमचा संच साडेसहा किलो, शिशाची बॅटरी पन्नासच्या वर.

खरी मेहनत सेल जोडण्यात नसून निवडण्यात आहे. आलेला सेल आधी मल्टिमीटरला लावायचा. दोन व्होल्टच्या खाली गेलेला सरळ बाजूला. उरलेले ४.२ व्होल्टपर्यंत भरायचे आणि पंधरा दिवस नुसते ठेवून द्यायचे. ज्याचा आकडा या मुदतीत घसरला तो आतून गळतो, त्याला गटात घेतलं तर शेजाऱ्यांनाही रिकामं करील. मग प्रत्येक सेल पूर्ण भरून, पूर्ण उतरवून क्षमता मोजायची आणि ती मार्करनं त्याच्या अंगावर लिहायची. चार खणांच्या चार्जरवर १४० सेल म्हणजे पस्तीस फेऱ्या. महिना सहज जातो. स्वस्त सेलांच्या हिशेबात हा महिना कुणी धरत नाही.

फसवणूक या बाजारातही आलीच. जुन्या सेलावर नवं आवरण चढवून त्यावर ९९०० असा आकडा छापून विकतात. या आकाराच्या चांगल्या सेलाची मजल ३५०० च्या आसपास संपते, त्यामुळे तो आकडाच चोराची चिठ्ठी आहे. सोनाराचा नाहीतर किराणा दुकानातला छोटा काटा इथे कामी येतो. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, बनावट अनेकदा फारच हलका निघतो.

जुनी एक सवय मात्र इथे उलटते. टॉर्चचा सेल उन्हात ठेवला तर उजेड मिळायचा. लिथियमचा सेल तापला की लवकर म्हातारा होतो, आणि जास्त भरला, दाबला गेला किंवा आतून शॉर्ट झाला तर पेटतो. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेवरची स्कूटर जळाली आणि ते दृश्य मोबाइलवरून गावोगाव पोचलं. बीडच्या मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या खोलीत, लाकडी फळीवर, बीएमएस, म्हणजे सेल जास्त भरू न देणारं सर्किट, न लावता ठेवलेला संच म्हणजे चुलीशेजारचा रॉकेलचा डबा. जाणते लोक आता शक्यतो लॅपटॉपचे सेल सोडून लोह-फॉस्फेटचे सेल शोधतात. त्यांचं व्होल्टेज कमी, ३.२, पण ते सहजी भडकत नाहीत.

एवढा खटाटोप करण्यामागे हौस थोडी आणि रात्र जास्त आहे. शेतीची वीज अनेक वर्षं आठवड्यात काही दिवस रात्रीची येत राहिली. नोव्हेंबर २०२० मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हा रात्री पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जायचं कसं हा प्रश्न ऐरणीवर आला. डिसेंबरमध्ये तो बिबट्या करमाळा तालुक्यात गोळी घालून मारला गेला. सरकारी योजनांतले सौर पंप दिवसा पाणी देऊ लागले, पण त्यांच्यासोबत बॅटरी येत नाही. सूर्य मावळला की पंप थांबतो आणि शेतातल्या आखाड्यावर अंधार पडतो. तिथला दिवा, मोबाइल आणि एक लहान पंखा एवढ्यासाठी हा संच असतो. रात्री कपाळाला बांधायच्या बॅटरीतही आता बहुधा हाच १८६५० असतो.

बॅटरीच्या कचऱ्याचे नवे नियम केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२२ मध्ये काढले. २००१ चे नियम शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते, नव्यांत लिथियमही आलं आणि मेलेला माल परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर पडली. गावात मात्र शिशाची बॅटरी न्यायला भंगारवाला अजूनही दारात येतो, काटा लावतो, पैसे मोजतो. लिथियमच्या बाद सेलांना तो हात लावत नाही. ते वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, गोठ्याच्या कोपऱ्यात पडून असतात.