अवलीचा राग

इंदुरी हे दाभाड्यांच्या गढीचं गाव, आणि तितकंच तुकोबांच्या मुलखातलंही. गावालगत इंद्रायणी, जवळच भंडारा डोंगर, देहूही लांब नाही. या टापूत तुकोबा घरातले मानले जातात, त्यामुळे त्यांच्यावरच्या चित्रपटाला इथला प्रेक्षक सहजी शरण जात नाही. जुना सिनेमा चांगला की आजचा, हा वाद एरवी आवडीनिवडीत विरून जातो. जुन्यातलं वाईट बहुतेक नष्ट झालं, चांगलं तेवढं उरलं, म्हणून जुनं थोर वाटतं, हा आक्षेप रास्तच आहे. मूकपटांच्या काळातलं आपलं बरंचसं काम खरोखरच हाती उरलेलं नाही. म्हणूनच एकाच विषयावरचे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत: ‘प्रभात’चा १९३६चा ‘संत तुकाराम’ आणि चंद्रकांत कुलकर्णींचा २०१२चा ‘तुकाराम’. मधल्या शहात्तर वर्षांत मराठी सिनेमाला तुकोबांचा काळ अधिक कळला. मात्र संताला त्याच्याच घरातून होणारा विरोध मनापासून ऐकण्याची ताकद सिनेमात कमी झाली, असं माझं मत आहे.

‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. दोघेही कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. दामल्यांची पकड ध्वनीवर, फत्तेलालांची कलादिग्दर्शनावर. ‘प्रभात’ कंपनी १९३३ साली पुण्याला आली, आणि आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथल्या स्टुडिओतून हा चित्रपट घडला. शांताराम आठवल्यांनी त्यासाठी लिहिलेलं पद तुकोबांचाच अभंग म्हणून लोकांच्या तोंडी बसलं. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षभराहून जास्त चालला, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पण त्याचं खरं बळ मला तुकोबांच्या बायकोत, अवलीत दिसतं. ही भूमिका करणारी गौरी ‘प्रभात’मध्ये अगदी हलक्या कामावर लागलेली बाई, नाट्यशिक्षणाचा स्पर्शही नसलेली. मूल आजारी पडतं तेव्हा ती एका हाताने त्याला ओढत, दुसऱ्या हातात वहाण घेऊन थेट विठोबापुढे उभी राहते. नवरा देवाच्या नादी लागलाय, चूल मात्र तिलाच पेटवायची आहे. दिग्दर्शक तिला चूक ठरवत नाहीत, हास्यास्पदही करत नाहीत. विष्णुपंत पागनीसांचा शांत तुकाराम या रागासमोर टिकतो, म्हणून तो थोर वाटतो.

यावर कुणी म्हणेल, त्याच चित्रपटात चमत्कार आहेत, शेवटी विमानही येतं. २०१२चा ‘तुकाराम’ याहून प्रामाणिक नाही का? इतिहासाच्या बाजूने पाहिलं तर आहे. घरचा व्यापार, सावकारी, दुष्काळाने मोडलेला संसार हे सगळं तो सविस्तर मांडतो, आणि अभंगांमागचं दुःख त्यातून उलगडतं. जितेंद्र जोशींनी माणूस तुकाराम उभा केला, हे यश मोठंच. मात्र प्रत्येक गोष्टीचं कारण मिळत गेलं की प्रेक्षक नायकाला समजून घेत घेत पुढे जातो, त्याच्याशी भांडत नाही. जुन्या चित्रपटात चमत्कार झाल्यावरही अवलीचे प्रश्न सुटत नाहीत. शिवाजीराजांकडून आलेला नजराणा तुकोबा परत करतात, तेव्हा तिचा संताप पुरेपूर खरा असतो, कारण पोरं तिची उपाशी आहेत.

हे केवळ संतपटांपुरतं नाही. ‘फर्जंद’ (२०१८) आणि ‘पावनखिंड’ (२०२२) या चित्रपटांनी मावळ्यांचा इतिहास नव्या पिढीला थिएटरात नेऊन दाखवला, त्याचं मोल मला कमी लेखायचं नाही. पण त्यांत राजाभोवतीच्या माणसांना मुख्यतः निष्ठेचीच भाषा दिलेली असते. ज्या घरांतून ते मावळे निघाले, तिथे मागे राहिलेल्या बायकांनाही अवलीइतकंच रोखठोक बोलू द्यायला हवं होतं. भक्तिभावाला याने धक्का लागेल, ही भीती निराधार आहे: अवलीची वहाण पडद्यावर पाहूनही १९३६च्या वारकरी प्रेक्षकाने त्या चित्रपटाला आपलं मानलं.