मुलाची ॲलर्जी आणि उन्हाळ्याची सुट्टी: पालकांनी काय काळजी घ्यावी?

शाळा चालू असताना मुलाला काय चालत नाही हे वर्गशिक्षिकेला आणि तुम्हाला पाठ असते. परीक्षा संपली की मूल आजोळी, आत्याकडे किंवा शिबिराला जाते. तिथल्या माणसांना ही माहिती नसते, आणि कित्येकदा औषधही घरीच राहते. सुट्टीतला बराचसा त्रास एवढ्यावरून होतो आणि तो टाळता येतो.

शाळा संपण्यापूर्वी

• शाळेत ठेवलेले इनहेलर, स्पेसर आणि औषधे परत आणा. एक्सपायरीची तारीख तपासा.
• शेवटच्या दिवसाच्या खाऊबद्दल शिक्षिकेला आठवण करा. चिक्कीत शेंगदाणा आणि केकमध्ये अंडे, दूध किंवा सुकामेवा असू शकतो.
• मुलाचे वजन करून डॉक्टरांना दाखवा. बरीच औषधे वजनानुसार दिली जातात. गेल्या वर्षीचा डोस आता कमी पडू शकतो.
• ॲलर्जी कशाची, लक्षणे कोणती, कोणते औषध किती द्यायचे, हे डॉक्टरांकडून मराठीत एका कागदावर लिहून घ्या. त्याची एक प्रत मुलाच्या बॅगेत ठेवा.

रोजचा इनहेलर बंद करू नका

मे महिन्यात दमा शांत वाटतो, म्हणून रोजचा प्रतिबंधक इनहेलर बंद केला जातो. पण त्याचा परिणाम टिकतो तो नियमित घेतल्यामुळेच. जूनमध्ये पाऊस, ओल, बुरशी आणि शाळेतली सर्दी एकदमच येतात; तेव्हा दमा पुन्हा उसळू शकतो. डोस कमी करायचा असेल तर डॉक्टरांना विचारूनच करा. इनहेलर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

गावी गेल्यावर

बंद खोली उघडून झाडताना, जुन्या गाद्या काढताना मुलाला बाहेर ठेवा. आंब्याच्या देठाजवळच्या चिकाने ओठांभोवती पुरळ येऊ शकते. आंबा धुवून, साल काढून, फोडी करून दिल्यास हा त्रास सहसा टळतो. कच्च्या काजूच्या टरफलातले तेलही त्वचेला भाजल्यासारखे करते. मात्र कोणताही पदार्थ खाल्ल्यावर अंगभर गांधी उठल्या किंवा उलट्या झाल्या, तर तो पुन्हा देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. "थोडंसं खाल्लं तर काय होतंय?" असे आजी प्रेमानेच म्हणते. तिला आधीच शांतपणे समजावून सांगा.

ताबडतोब रुग्णालयात कधी न्यावे?

• श्वास घ्यायला त्रास, छातीत सूं-सूं आवाज
• आवाज बसणे, जीभ किंवा घसा सुजणे
• गांधींसोबत वारंवार उलट्या
• मूल गळून जाणे, फिकट पडणे, शुद्ध हरपणे

अशा वेळी ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहू नका. यावरचे मुख्य औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत दिले जाणारे ॲड्रेनॅलिन. डॉक्टरांनी ते घरी दिले असेल तर शिकवल्याप्रमाणे लगेच द्या आणि १०८ ला फोन करा. मुलाला आडवे ठेवा, धाप असेल तर बसवा, चालवू नका. बरे वाटल्यावरही काही तासांनी त्रास परत येऊ शकतो, म्हणून डॉक्टर सांगतील तोवर रुग्णालयातच थांबा.

गावाला निघण्यापूर्वी तिथले सर्वांत जवळचे, रात्रीही उघडे असणारे रुग्णालय कोणते, हे विचारून कागदावर लिहून ठेवा.