आच्छादित क्रीडांगणावरील सांघिक धाव : पुरुष रिले, खो-खो आणि धाराशिव जिल्हा

प्रस्तावना

क्रीडेचा इतिहास हा बहुधा विक्रमांचा व पदकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु कोणता खेळ कोणत्या भूमीत रुजतो आणि कोणता रुजत नाही, हा प्रश्न सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात जागतिक इनडोअर अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेतील पुरुषांची ४ × ४०० मीटर रिले शर्यत आणि धाराशिव जिल्ह्यात जोपासला गेलेला खो-खो या दोन सांघिक धावांचा तुलनात्मक विचार केला आहे.

इनडोअर रिलेचा विकास

ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या ४ × १०० व ४ × ४०० मीटर रिले शर्यती १९१२ च्या स्टॉकहोम स्पर्धेपासून घेतल्या जाऊ लागल्या. युरोप व अमेरिकेतील दीर्घ हिवाळ्यामुळे तेथे छताखालील धावपट्टीची गरज निर्माण झाली. खुल्या मैदानावरील धावपट्टी ४०० मीटरची असते, तर इनडोअर धावपट्टी २०० मीटरची असून तिची वळणे उताराची बांधलेली असतात. जागतिक इनडोअर स्पर्धेत रिलेचा समावेश १९९१ च्या सेव्हिल येथील स्पर्धेत झाला आणि पुरुषांचे पहिले सुवर्णपदक जर्मनीने मिळविले.

या शर्यतीतील सर्वांत संस्मरणीय लढत ४ मार्च २०१८ रोजी बर्मिंगहॅम येथे झाली. अमेरिकेचा संघ अखेरच्या टप्प्यापर्यंत आघाडीवर होता. मात्र पोलंडच्या याकुब क्शेविना याने शेवटच्या सरळ पट्ट्यात त्यास मागे टाकले. पोलंडने ३ मिनिटे १.७७ सेकंदांचा विश्वविक्रम नोंदविला. अमेरिकेची वेळ ३ मिनिटे १.९७ सेकंद होती. चार धावपटूंच्या सोळाशे मीटर धावेनंतर उरलेले अंतर अवघे एक-पंचमांश सेकंदाचे होते. अरुंद वळणे, धावपटूंची दाटी आणि बॅटन देण्या-घेण्यातील अचूकता यांमुळे येथे केवळ वैयक्तिक वेग पुरेसा ठरत नाही.

भारतीय पुरुष संघाने ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्ट येथील खुल्या मैदानावरील जागतिक स्पर्धेत २ मिनिटे ५९.०५ सेकंद असा तत्कालीन आशियाई विक्रम केला व अंतिम फेरीत पाचवे स्थान मिळविले. मुहम्मद अनस, अमोज जेकब, मुहम्मद अजमल आणि राजेश रमेश या चौघांत महाराष्ट्राचा एकही धावपटू नव्हता. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात २०० मीटरची उताराच्या वळणांची धावपट्टी हे अद्याप दूरचे स्वप्न आहे. तथापि, त्यावरून या प्रदेशात सांघिक धावेची परंपराच नाही, असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही.

खो-खो : मातीवरील साखळी

खो-खोचे नियम विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने प्रथम सूत्रबद्ध केले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन येथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे झाली.

रिले व खो-खो यांत एक मूलभूत साम्य आहे. दोन्हींत धावेचा वारसा एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि देण्यात चूक झाली की संघाला किंमत मोजावी लागते. फरक असा की, रिलेमध्ये बॅटन घेणारा कोण व कोठे असेल हे आधीच ठरलेले असते; खो-खोत मात्र पाटीवर बसलेल्या खेळाडूला आपली पाळी केव्हा येईल हे ठाऊक नसते. पाठीमागून स्पर्श आणि ‘खो’ हा शब्द मिळेपर्यंत त्याला उठता येत नाही. म्हणजेच येथे वेगाइतकेच महत्त्व सावध प्रतीक्षेला आहे. शिवाय या खेळाला दोन खांब, सपाट माती आणि शिकविणारा शिक्षक एवढेच लागते. अल्प साधनांच्या प्रदेशात हा खेळ रुजला, याचे प्रमुख कारण हेच होय.

धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ च्या गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. पुरुष संघानेही त्या वेळी सुवर्णपदक पटकाविले. २०२० मध्ये सारिका काळे यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा खो-खोला हा सन्मान बावीस वर्षांनंतर लाभला होता. खेळण्याच्या काळात सुमारे दहा वर्षे एकवेळच्या जेवणावर दिवस काढल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. या यशाच्या मुळाशी असलेली आर्थिक विपन्नता इतिहासलेखनात दुर्लक्षित राहता कामा नये.

मातीकडून मॅटकडे

१३ ते १९ जानेवारी २०२५ या काळात पहिला खो-खो विश्वचषक नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये पार पडला. प्रतीक वाईकर यांच्या नेतृत्वाखालील पुरुष संघाने अंतिम सामन्यात नेपाळचा ५४-३६ असा पराभव केला. प्रियांका इंगळे यांच्या महिला संघानेही नेपाळलाच ७८-४० असे नमविले. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

पुरुष रिलेप्रमाणेच खो-खोही आता छताखाली आला आहे. पारंपरिक नऊ खेळाडूंऐवजी सात खेळाडू, मॅट आणि दिशेचे बंधन नसलेला ‘वझीर’ यांमुळे खेळ अधिक गतिमान झाला. परंतु मातीवर घडलेले पाय मॅटवर तसेच पडत नाहीत. पकड, सूर मारणे व वळणे यांचे तंत्र बदलते. ज्या शाळेत मॅट नाही, तेथील खेळाडू निवड चाचणीत प्रथमच तिच्यावर उतरला तर तो गुणांनी नव्हे, सरावाच्या अभावाने मागे पडेल.

निष्कर्ष

इनडोअर धावपट्टीच्या अभावी रिलेच्या जागतिक इतिहासापासून धाराशिवसारखे जिल्हे दूर राहिले. खो-खोने ती उणीव भरून काढली, कारण तो साधनांवर अवलंबून नव्हता. आता तोही साधनावलंबी होत असताना जिल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांना मॅट, प्रशिक्षक आणि खेळाडूंना सकस आहार मिळणे अत्यावश्यक आहे. अन्यथा ज्या मातीने हा खेळ जगविला, त्याच मातीतील मुले-मुली त्याच्या पुढील वाटचालीत केवळ प्रेक्षक म्हणून उरतील. हे टाळण्याची जबाबदारी शासनाइतकीच महाविद्यालयीन प्राध्यापकांवरही आहे.