रानपिंगळ्याचा अज्ञातवास

इतिहासात लेखी पुराव्याला मोठा मान असतो. परंतु तो पुरावाच बनावट निघाला तर केवढा घोटाळा होतो, ह्याचे एक बोधप्रद उदाहरण कोणा राजवंशाच्या बखरीत नव्हे, तर एका वीतभर पक्ष्याच्या चरित्रात सापडते.

गावाशेजारच्या झाडांवर राहणारा पिंगळा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. रानपिंगळा हा त्याचाच दाट रानात राहणारा भाऊबंद. १८७२ साली ब्लेविट ह्या गृहस्थास आजच्या छत्तीसगडच्या प्रदेशात तो प्रथम मिळाला; आणि पुढे राष्ट्रसभेच्या स्थापनेमुळे ज्यांचे नाव सर्वतोमुखी झाले, त्या ह्यूम साहेबांनी १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. छत्रपती संभाजीनगराहून उत्तरेस जाऊन अजिंठ्याचा डोंगर उतरला, की खानदेश लागतो. त्या प्रांताच्या पश्चिम भागात, सातपुड्याच्या पायथ्याशी, जेम्स डेव्हिडसन ह्या मुलकी अधिकाऱ्याने १८८० नंतरच्या चारपाच वर्षांत ह्या पक्ष्याचे आणखी काही नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र तो जणू अज्ञातवासात गेला.

तथापि, कर्नल माइनर्ट्झहागेन ह्यांच्या संग्रहात एक नमुना होता. तो १९१४ साली गुजरातेतील मांडवीस मिळाला, असे त्यावरील चिठ्ठी सांगत होती. एका लष्करी अंमलदाराच्या शब्दावर कोण अविश्वास दाखविणार? मागाहून शोधास निघालेले लोक त्या चिठ्ठीच्या भरवशावर मांडवीकडे वळले, आणि रिक्त हस्ताने परतले. पक्षी नामशेष झाला, ही समजूत त्यामुळे दृढ होत गेली.

पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन विदुषींनी त्या नमुन्याचीच उलटतपासणी केली. आतील भरण व शिवण ह्यांची धाटणी डेव्हिडसनच्या हातची निघाली. तो नमुना संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, खोटी चिठ्ठी लावून मिरविलेला होता! मांडवी बाजूस सारून त्यांनी केवळ विश्वसनीय नोंदींची स्थळे धुंडाळण्याचे ठरविले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील शहाद्याजवळ, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट ह्या सोबत्यांसह त्यांना भर उजेडात झाडावर बसलेला रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांचा अज्ञातवास संपला!

वस्तुतः पक्षी कोठेही गेला नव्हता. पुढे तो मेळघाटात आढळला. २०१४ साली तर मुंबईनजीकच्या तानसा अभयारण्यातही दिसला. तो नामशेष ठरला, तो शोधणाऱ्यांची दिशा चुकल्यामुळे. ह्या चुकीची किंमत लहान नाही. कारण जो प्राणी उरलाच नाही अशी समजूत होते, त्याच्या रानासाठी कोणी भांडत नाही, आणि कुऱ्हाड तर थांबत नाही. आजही हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीत आहे, आणि त्याचे पानगळीचे रान शेतीसाठी व सरपणासाठी तुटतच आहे. डेव्हिडसनच्या प्रामाणिक नोंदीमुळे तो आपणांस पुन्हा सापडला. आता तो सातपुड्यात टिकला नाही, तर तो दोष कोणत्याही खोट्या चिठ्ठीवर ढकलता येणार नाही.