थंडीचा नंबर

लॅव्हेंडरच्या बियांच्या पाकिटावर ‘झोन ५ ते ९’ असं छापलेलं असतं. लोणारच्या अंगणात पाकीट फोडणाऱ्याला तो वाणाचा नंबर वाटावा.

या नंबराचं मूळ गाव बोस्टन. तिथल्या अर्नोल्ड आर्बोरेटम या वृक्षोद्यानातले जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडर यांनी १९२७ साली आपल्या ग्रंथात आठ पट्टे पाडले: कोणतं झुडूप कुठवर हिवाळा काढतं, एवढंच सांगायला. १९६० मध्ये अमेरिकी कृषी खात्यानं आपला नकाशा काढला. वर्षातल्या सर्वांत थंड रात्रीचं तापमान घ्यायचं, अनेक वर्षांची सरासरी काढायची, दर दहा अंश फॅरनहाइटला एक झोन. ऊन, पाऊस, माती यांचा त्यात हिशेबच नाही. बोस्टनमध्ये झाड मारतो जानेवारी. तिथल्या माळ्याचं तेवढ्यावर भागत होतं.

लोणारात झाड मारतो मे.

आपल्या भाषेनं थंडीला नंबर दिला नाही. ‘हिम’चं हिव केलं, ‘हिमकाल’चा हिवाळा; बर्फ वगळला, गारठा ठेवला. लोणारचा गारठा त्या नकाशावर झोन ११च्या आसपास भरेल. मोगरा, जास्वंद तो सहज सोसतात. केळीचं तसं नाही. तिला अडवायला बर्फ लागत नाही, पारा दहा अंश सेल्सिअसच्या खाली उतरला की तिची वाढ अडते. केळी पिकवणाऱ्या जळगावकरांना हे सांगायला नको. तरी लोणारच्या विवरात ‘धार’ या झऱ्याच्या बारमाही पाण्यावर पूर्वी केळी होत असत. तिथून जवळच सरोवराचं पाणी इतकं खारं नि क्षारयुक्त की त्यावर केळ जगणार नाही, आणि उतारावरचा साग उन्हाळ्यात निष्पर्ण. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर, झोन एकच. निवाडा पाण्यानं केलेला.

नकाशात उन्हाचा हिशेब नाही, ही उणीव अमेरिकेतही जाणवली. १९९७ मध्ये उद्यानतज्ज्ञ मार्क कॅथी यांनी तीस अंश सेल्सिअसवरचे दिवस मोजणारा उन्हाचा नकाशा केला. पण पाकिटांवर राज्य अजून थंडीचंच. लॅव्हेंडरच्या पाकिटावरचा तो ‘९’ म्हणजे खरं तर उन्हाचा इशारा, थंडीच्या भाषेत दिलेला.

पाकीट फोडलंच असेल तर पेरणी दिवाळीनंतर करावी. मार्चपासून कुंडी दुपारच्या उन्हातून हलवावी आणि पावसाळ्यात छपराखाली घ्यावी. ओली मुळं लॅव्हेंडरला थंडीहून लवकर मारतात.