असईचा हॅनोव्हरवाला

23 सप्टेंबर 1803 या दिवशी असईच्या मैदानावर मराठ्यांची सगळी कवायती पायदळं आणि शंभराच्या आसपास तोफा एका जर्मन माणसाच्या हुकमात होत्या. त्याचं नाव अँथनी पोलमान. गाव हॅनोव्हर. त्या लढाईवर इंग्रजीत पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, पण बहुतेक ती समोरच्या सेनापतीबद्दल आहेत. साहजिक आहे. समोरचा आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्यानं 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. आपल्या शाळेच्या पुस्तकात असई एका ओळीत उरकते आणि पोलमान तर त्या ओळीतही मावत नाही.

आमच्या सावरगाव-पांढुर्णा-सौंसर भागाला या लढाईशी काय देणंघेणं, असं कुणी विचारेल. देणंघेणं आहे. हा सगळा मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांचा, आणि दुसरे रघुजी भोसले त्या मोहिमेत दौलतराव शिंद्यांच्या शेजारी छावणी टाकून होते. असईला जे हरलं त्यात आपलं राज्यही होतं.

हा हॅनोव्हरवाला इकडे आला कसा? त्या काळी इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज हाच हॅनोव्हरचाही अधिपती. एकाच माणसाची दोन राज्यं. ईस्ट इंडिया कंपनीला म्हैसूरच्या हैदरशी लढायला गोरे शिपाई कमी पडू लागले, तेव्हा राजानं हॅनोव्हरमध्ये दोन पलटणी उभारून मद्रासला धाडल्या. 1782 च्या सुमाराची ही गोष्ट. त्या पलटणींबरोबर पोलमान सार्जंट म्हणून आला. पुढे त्यानं ती चाकरी सोडली, सरळ बोलायचं तर पळाला, आणि उत्तरेत शिंद्यांच्या फौजेत दाखल झाला.

पळाला म्हटलं की आपण लगेच नाक मुरडतो. पण त्या काळच्या युरोपात सार्जंटला पुढे जायला वाटच फारशी नव्हती. अधिकारी व्हायचं तर घराणं लागे. त्याच हॅनोव्हरच्या तोफखान्यात गेरहार्ड शार्नहोर्स्ट नावाचा अधिकारी होता. शेतकऱ्याच्या घरातला, 1755 चा जन्म, अतिशय हुशार, तोफखान्यावर पुस्तकं लिहिणारा आणि शिकवणारा. तरी तिथं त्याला मनासारखं स्थान मिळेना. शेवटी 1801 मध्ये तो प्रशियाच्या राजाकडे गेला. नेपोलियननं प्रशियाला पार चिरडल्यावर तिथली फौज नव्यानं उभी करणारा तो हाच शार्नहोर्स्ट, 1813 मध्ये लढाईतल्या जखमेनं गेला. त्याला कुणी भाडोत्री म्हणत नाही, जर्मनीत त्याचे पुतळे आहेत. आता मालक त्यानंही बदलला आणि पोलमाननंही. एक शेजारच्या राज्यात गेला, दुसरा समुद्रापलीकडे राहिला, एवढ्यानं एक थोर आणि दुसरा लुच्चा ठरावा का, हा माझ्या डोक्यातला प्रश्न आहे.

शिंद्यांकडे पोलमानला जे मिळालं ते हॅनोव्हरमध्ये सात जन्मांत मिळालं नसतं. महादजींनी द बॉइन या सेव्हॉयच्या माणसाकडून कवायती फौज बांधून घेतली होती. आग्र्याला सँगस्टर नावाचा एक स्कॉटिश माणूस तोफा ओतत होता, आणि त्या तोफा कंपनीच्या तोफांना घाबरण्यासारख्या नव्हत्या. या फौजेत पगार वेळेवर, बढती कामावर. काही वर्षांतच हा माजी सार्जंट पुऱ्या कंपूचा प्रमुख झाला. स्वभावानं मोठा हसतमुख होता म्हणतात. राहणी नबाबी: जनानखाना, फिरायला हत्ती, आणि भोवती जांभळ्या कपड्यांतले मोगल स्वार, सगळे एकसारखे, रांगेत चालणारे. हॅनोव्हरच्या थंडीत बूट पुसणारा पोरगा आणि हे वैभव! मला तर त्याचा राग येत नाही, हसूच येतं.

1803 मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलं. त्याच वर्षी, पावसाळा लागता लागता, नेपोलियनच्या फौजांनी तिकडे हॅनोव्हर गिळलं. तिथले कित्येक शिपाई इंग्लंडला जाऊन राजाच्या जर्मन पलटणींत भरती झाले, आणि त्या पलटणी पुढे स्पेनमध्ये आणि वॉटर्लूला याच वेलस्लीच्या हाताखाली लढल्या. पोलमान मात्र इकडे त्याच वेलस्लीच्या समोर उभा होता. गव्हर्नर जनरल म्हणजे वेलस्लीचा थोरला भाऊ. त्यानं जाहीरनामा काढला होता की शिंद्यांची नोकरी सोडून येणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांची सोय कंपनी करील. बरेच जण गेले. सगळ्यांचा वरिष्ठ पेरॉन, जातीचा फ्रेंच, तोही सप्टेंबरात आपली पुंजी सांभाळून इंग्रजांकडे निघून गेला. पोलमान त्या दिवसापर्यंत तरी जागेवर होता.

असई हे आजच्या जालना जिल्ह्यातलं गाव, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. मराठ्यांचा तळ केळनेच्या उत्तर काठाला, तोंड दक्षिणेला. समोरून नदी ओलांडून कुणी येणं अवघड. वाटाडे सांगत होते की दुसरा उतारच नाही. वेलस्लीनं काय पाहिलं, तर खाली पूर्वेला नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावं. समोरासमोर गावं म्हणजे माणसं येत-जात असणार, म्हणजे पाण्यातून वाट असणार! आपल्याकडच्या कुठल्याही बाईनं हे सांगितलं असतं, पण लढाईच्या गडबडीत ते सुचणं मोठंच. त्यानं तिथून फौज उतरवली आणि मराठ्यांच्या बाजूवर येऊ लागला.

त्याचा हिशेब असा होता की समोरच्या फौजेला वळायला वेळ मिळणार नाही. पोलमाननं ती वळवली. हजारो माणसांची रांग, मागं-पुढं तोफा, बैल, दारूचे गाडे, हे सगळं काटकोनात फिरवून दोन नद्यांच्या मध्ये नवी फळी उभी केली. वेलस्लीला ही अपेक्षाच नव्हती. तोफांनी इंग्रजांचे बैल आणि गोलंदाज असे टिपले की त्यांच्या तोफा जवळजवळ गप्प पडल्या. 74 वी हायलँडर पलटण असईच्या गढीकडे भरकटली, तिची तर धूळधाण झाली.

तरी इंग्रज संगिनी रोखून पुढे आले आणि पायदळाची फळी मोडली. गोलंदाज मात्र हलले नाहीत. तोफांपाशी उभे राहूनच कापले गेले. काही जण तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले, गोरी पलटण वरून पुढे गेली तसे उठले, तोफा फिरवल्या आणि तिच्या पाठीत गोळे घातले. वेलस्लीला परत मागे येऊन त्याच तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. संध्याकाळपर्यंत इंग्रजांचे 428 मेलेले आणि अकराशेवर जखमी. लढलेल्या माणसांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त. शत्रूचा पाठलाग करण्याचं त्राणही उरलं नव्हतं. पुढे म्हातारपणी वेलिंग्टनला विचारलं की तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती, तर त्यानं वॉटर्लू नाही, असई सांगितली.

आणि मालक? दौलतराव आणि रघुजी घोडदळासह मैदान सोडून गेले होते. वेलस्लीच्या कितीतरी पट असलेलं ते घोडदळ जवळपास न लढताच परतलं. आपले राजे म्हणून मी हे पोटात घालायला तयार नाही. भाडोत्री साहेबानं फौज फिरवली, पगारी गोलंदाज तोफेला चिकटून मेले, आणि ज्यांचं राज्य होतं ते निघून गेले. पानिपतला इब्राहिमखान गारदीही पगारीच होता, समोर स्वधर्मीय अब्दाली असताना तो शेवटपर्यंत भाऊसाहेबांबरोबर राहिला आणि त्यापायी जिवाला मुकला. तेव्हा पैसे घेणारा बेइमान असतोच, हे इतिहासात टिकत नाही.

पोलमानला मी फार डोक्यावरही घेत नाही. फळी मोडल्यावर तोही निसटला आणि युद्धानंतर पुन्हा कंपनीच्याच चाकरीला गेला. त्याला परत जायला दार होतं. गोलंदाजांना नव्हतं. इंग्रजांनी नेलेल्या 98 तोफांची मोजदाद झाली, पोलमानचं नाव राहिलं, तोफांखाली पडून राहिलेल्यांपैकी एकाचंही नाव आपल्याकडे नाही.

भोसल्यांचं पुढे आणखी वाईट झालं. 29 नोव्हेंबरला अडगावला हार, 15 डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला, आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह. कटक गेलं. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला, गाविलगड-नरनाळ्याखालचा थोडा भाग सोडून. ही वर्धा आपल्या मुलताईकडून निघते. तिच्या पलीकडच्या वरुड-मोर्शीत आपल्या लेकी-सुना, सोयरीकी, संत्र्याचा व्यापार, सगळं एकच. पण त्या एका तहानं नदी हद्द झाली. अलीकडचे आपण नागपूरकरांचे राहिलो, पलीकडचे निजामाचे झाले.

त्याच तहात एक कलम आहे, ते फारसं कुणी वाचत नाही. इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या कुठल्याही युरोपी किंवा अमेरिकी देशाचा माणूस भोसल्यांनी चाकरीत ठेवायचा नाही. तेरा दिवसांनी सुर्जी-अंजनगावला शिंद्यांकडूनही असंच लिहून घेतलं. वेलस्लीनं असईला त्या तोफा दोनदा घेतल्या होत्या, तिसऱ्यांदा घ्यायची वेळ त्याला येऊ द्यायची नव्हती.