इंधन टाकीची क्षमता आणि वाहनाचा पल्ला

इंधन टाकीची क्षमता म्हणजे मोटारीच्या टाकीत सुरक्षितपणे भरता येणारे इंधन. ते लिटरमध्ये सांगतात. भरलेल्या इंधनावर मोटार जेवढे अंतर कापू शकते, त्यास पल्ला म्हणतात. क्षमतेला प्रतिलिटर अंतराने, म्हणजे बोलीतील ‘अ‍ॅव्हरेज’ने, गुणले की पल्ला मिळतो. गुणाकार सोपा असला तरी त्यातील एकही संख्या वाटते तितकी स्थिर नसते.

छापील क्षमता

मारुती सुझुकी स्विफ्टची छापील क्षमता ३७ लिटर, तर खानदेशच्या खेड्यापाड्यांत रुळलेल्या महिंद्रा बोलेरोची ६० लिटर आहे. हा आकडा टाकीच्या संपूर्ण घनफळाचा नसतो. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की पेट्रोलचे आकारमान सुमारे एक सहस्रांशाने वाढते. पंपाच्या भूमिगत टाकीतील ४० लिटर पेट्रोल गाडीत १५ अंशांनी तापल्यास ते सुमारे ०.६ लिटरने फुगते. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा टाकीत वर राखलेल्या मोकळ्या जागेचे महत्त्व कळते. नोझल आपोआप बंद झाल्यावरही काठोकाठ भरत राहिल्यास वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात पेट्रोल शिरून तो निकामी होऊ शकतो.

या मोकळ्या जागेमुळे आणि भरण्याच्या नळीमुळे छापील आकड्यापेक्षा दोन-तीन लिटर अधिक इंधन मावू शकते. तेवढ्यावरून मापात पाप आहे असे ठरत नाही. शंका असल्यास वैधमापन विभागाची मुद्रा असलेले ५ लिटरचे माप पंपावर मागून घेणे ही खरी कसोटी होय.

प्रत्यक्ष पल्ला

कंपन्या जाहीर करतात तो प्रतिलिटर आकडा पुण्यातील एआरएआय (स्थापना १९६६) यांसारख्या संस्थांत ठरावीक चाचणीचक्रावर मिळालेला असतो. त्या चक्रात वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जात नाही. भर उन्हातला एसी, चढलेले सामान, समोरचा वारा यांचा हिशेब त्यात येत नाही. शिवाय २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ६ ते ७ टक्के कमी असते.

म्हणून स्वतःच्या गाडीचा आकडा स्वतः काढावा लागतो. समजा, जळगावात नोझल बंद होईपर्यंत टाकी भरून अंतरमापक शून्यावर आणला. एरंडोल, पारोळामार्गे धुळ्याला जाऊन परत आल्यावर त्याच पंपावर तशीच टाकी भरली. अंतर १८० किलोमीटर आणि दुसऱ्या वेळी १० लिटर लागले असतील, तर प्रतिलिटर १८ किलोमीटर पडले. ३७ लिटरच्या टाकीवर कागदी पल्ला ६६६ किलोमीटर येतो. ५ लिटर राखीव धरल्यास ५७६ उरतात. जळगावहून मुंबई सुमारे ४२० किलोमीटर आहे. जाणे निभावते, परतीसाठी वाटेत इंधन घ्यावेच लागते.

टाकीतील तरंगत्या फ्लोटवर चालणारा काटा चढ-उतारावर हलतो. टाकीचा आकार वेडावाकडा असल्याने अर्ध्यावरचा काटा नेमके अर्धे इंधन दाखवेलच असे नाही. पडद्यावर दिसणारा ‘उरलेला पल्ला’ नजीकच्या वापरावरून काढलेला असतो. घाट उतरल्यावर तो उगाच फुगलेला दिसतो.

राखीव साठा

चाळीसगाव-कन्नड दरम्यानचा औट्रम घाट ऑगस्ट २०२१ अखेरीस दरडी कोसळून बंद पडला होता. अशा प्रसंगी कोंडीत उभ्या गाडीचे इंजिन अंतर न कापता इंधन पिते. पुरवठाही खंडित होऊ शकतो. जानेवारी २०२४ च्या आरंभी टँकरचालकांनी काम थांबविल्याने मनमाडजवळील पानेवाडीच्या इंधन साठवणूक केंद्रांतून होणारी वाहतूक थांबली आणि उत्तर महाराष्ट्रात पंपांवर रांगा लागल्या. नेहमी राखीववर गाडी चालविण्याचा आणखी एक तोटा असा की, बहुतेक आधुनिक पेट्रोल गाड्यांत इंधनपंप टाकीतच बसविलेला असतो आणि तो भोवतालच्या इंधनानेच थंड राहतो. इंधन तळाशी गेल्यास तो लवकर तापतो.